दोन झाकणं सिरप आणि एक पेला दूध

वाचकाचं पत्र:

"मॅडम, नमस्कार. आम्ही महालात राहतो. ह्यांचं गांधीबागेत कापडाचं दुकान आहे, वय ५२. मे महिन्यात एका लग्नाहून आल्यावर ह्यांना चार दिवस हगवण-उलट्या झाल्या, सलाईन लावावी लागली. त्यातून उठले, पण तेव्हापासून पोट ठिकाणावर नाही. सकाळी उठले की पोट गुडगुडते, नगाऱ्यासारखं फुगते, दोन-तीनदा संडासला पळावं लागते. वजन उतरलं होतं ते भरून आलं. शुगर नाही. शेजारच्या काकूंनी एन्झाइमचं सिरप सांगितलं. जेवणावर दोन-दोन झाकणं, तीन महिने झाले. घेतलं की हलकं वाटते म्हणतात, सकाळी पुन्हा तेच. मुलगा पुण्याला असतो, तो म्हणतो एन्झाइमची पावडर ऑनलाइन मागवतो, डबा १,८०० रुपयांचा. सासूबाईंचं म्हणणं, जठराग्नी मंदावला, जेवताना पाणी पिऊ नको. दुखण्यातून उठल्यापासून ताकद भरून यावी म्हणून त्या रोज रात्री मोठा पेला हळदीचं दूध देतात. मी रविवारचे तर्री-पोहे बंद केले, तर घरात अबोला आहे. माणसाच्या पोटातले एन्झाइम संपतात का? बाहेरून घेतले तर शरीराला त्याची सवय लागते का? हे काऊन होऊन रायलं, सांगा न."
– एक वाचक, महाल, नागपूर

ताई,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. ती ओळ सिरपची नाही आणि तर्रीचीही नाही. तिच्याकडे येतेच, पण आधी तुमचा पहिला प्रश्न घेते, कारण तो फार जणांना पडतो आणि त्याच धास्तीवर त्या बाटल्या खपतात.

एन्झाइम संपत नाहीत. मराठीत त्यांना विकर म्हणतात. वर्गात मी तीस वर्षं विकर म्हटलं आणि पोट्टे तीस वर्षं पेपरात एन्झाइमच लिहीत राहिले, तेव्हा इथे दोन्ही चालवून घेऊ. विकर हे एक प्रथिन असतं. अन्नाच्या लांबच लांब साखळ्यांमधला आपल्या वाट्याचा सांधा शोधायचा आणि तेवढाच तोडायचा, एवढं त्याचं काम. तोडून झालं की ते जसंच्या तसं सुटतं आणि पुढच्या सांध्याला भिडतं. शिवाय शरीर रोज नवा माल काढतच असतं. स्वादुपिंडाची (जठरामागची पाचकरस करणारी ग्रंथी, पॅन्क्रियाज) शिल्लक तर एवढी असते, की त्याची सुमारे ९० टक्के क्षमता गेली तर कुठे शौचातून न पचलेलं तेल दिसायला लागतं. चार दिवसांच्या हगवणीने ही शिल्लक उडत नाही.

सासूबाईंचा जठराग्नी मी खोडायला निघालेली नाही. ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी बरोबर हेरलं होतं, की अन्न पोटात नुसतं पडून राहत नाही, त्याचं काहीतरी होतं. पण आग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उष्णता येते आणि तिथे घोटाळा होतो. प्रयोगशाळेत प्रथिन पूर्ण सुटं करायचं तर ते तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंश सेल्सिअसला २४ तास ठेवतात. आपलं पोट तेच काम ३७ अंशांवर, काही तासांत, आपण दुकानात गिऱ्हाईक पाहत असताना उरकतं. मे महिन्यात सीताबर्डीवर डांबर वितळत असतं तेव्हाही आत ३७च. विकरांना आग लागत नाही. उलट आगीने ती मरतात. हे लक्षात असू द्या, मुलाच्या पावडरीपाशी पुन्हा लागेल.

आता त्या बिचाऱ्या रविवारच्या बशीचं बघू. पोहे म्हणजे तांदूळ, म्हणजे जवळजवळ सगळं पिष्ट (स्टार्च). वर तर्री: तेल, तिखट आणि काळे चणे. कांदा, शेव, सांबार (आपल्याकडची कोथिंबीर), लिंबाची फोड. पहिला घास तोंडात गेला की लाळेतलं अमायलेज पिष्टाच्या साखळ्या कापायला लागतं. दिवसाला लिटर-दीड लिटर लाळ आपण अशीच गिळतो. साधे, तर्रीशिवायचे पोहे दोन मिनिटं तोंडात घोळवत ठेवा, ते गोडसर लागायला लागतील. ती गोडी पोह्यात नव्हती, पिष्टातून सुटली.

तुमच्या घरी शाळकरी पोरगं असेल तर हे डोळ्यांनी बघता येतं. भाताची पातळ पेज करा आणि पूर्ण निववा. दोन पांढऱ्या वाट्यांत दोन-दोन चमचे घाला. एका वाटीत चमचाभर लाळ, दुसरीत चमचाभर पाणी. दोन्ही ढवळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग प्रत्येकीत जखमेवर लावतात त्या टिंक्चर आयोडीनचा एक-एक थेंब टाका. पाण्याची वाटी शाईसारखी निळी-काळी होईल. लाळेच्या वाटीत निळा रंग धरणार नाही, तांबूस किंवा नुसता आयोडीनचा पिवळटपणा राहील. (वाट्या मग स्वच्छ घासा, पेज मोरीत ओता.) आमच्या प्रॅक्टिकलला खळगे असलेली पांढरी चिनीमातीची फरशी असायची. तिच्यावर दर मिनिटाला एक थेंब उतरवायचा: निळा, मग जांभळा, मग विटकरी, आणि शेवटी रंगच नाही. त्या शेवटच्या खळग्यापाशी पोरं ओरडायची. वॉटरबाथ ३७ अंशांवर लावायचा असा नियम होता, पण उन्हाळ्यातल्या परीक्षेला खोलीतच चाळीस असायचे. तिथे आम्हाला पाणी तापवण्यापेक्षा ते निववायची चिंता.

पोह्यांचा घास गिळला की जठर. इथे आम्ल एवढं तीव्र, की लाळेचं अमायलेज थांबतं; अगदी लगेच नाही, घासाच्या गाभ्यात आम्ल शिरेपर्यंत ते काम करत राहतं. इथलं स्वतःचं विकर पेप्सिन. १८३६ मध्ये थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला हुडकलं. पेप्सिन प्रथिनांच्या साखळ्यांचे मोठे तुकडे पाडतं आणि त्याला आम्लातच काम जमतं. जठरात खरोखर काय चालतं ते आपल्याला कळलं एका अपघाताने. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका कामगाराला जवळून बंदूक लागली. तो वाचला, पण पोटावरचं भोक जठरात उघडं ते उघडंच राहिलं. विल्यम ब्यूमाँट या लष्करी शल्यवैद्याने पुढे रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा बांधून तो त्या भोकातून आत सोडायचा, घड्याळ बघून बाहेर काढायचा आणि किती विरघळलं ते लिहायचं, असं वर्षानुवर्षं केलं. १८३३ ला त्याने ते सगळं छापलं. त्याने बाटलीत काढलेला जठररस उबेत ठेवला तर त्यातही मांस विरघळलं. माणूस चिडला की जठराचं काम बिघडतं हेही त्याने टिपून ठेवलंय. सेंट मार्टिनला चिडायला कारणं भरपूर होती, तो भाग वेगळा.

इथे भाषेचा एक गुंता सोडवते. आपण "पित्त झालं" म्हणतो तेव्हा आपल्याला जळजळ म्हणायची असते, म्हणजे जठरातलं आम्ल. खरं पित्त यकृतात होतं, हिरवट-पिवळं असतं, आणि त्यात पचवणारं विकर एकही नाही. त्याचं काम साबणाचं. तर्रीवर तरंगणाऱ्या तेलाच्या गोळ्यांचे ते बारीक बारीक थेंब करतं, म्हणजे मग स्वादुपिंडाच्या लायपेजला तेल तोडायला जागा मिळते. तिखटाने जळजळ होते ती वेगळीच भानगड. मिरचीतलं कॅप्साइसिन उष्णता जाणवणाऱ्या चेतातंतूंना चिथावतं, विकरांना ते हात लावत नाही. सावजी रस्सा पचत नाही म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा तेल जड गेलेलं असतं आणि तिखट बोचलेलं असतं. तेल फार असलं की जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे पोट भरल्यासारखं राहतं. ते दुखणं नव्हे.

खरा कारखाना जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या सुरुवातीच्या हातभर भागात आहे. स्वादुपिंडातून दिवसाला सुमारे दीड लिटर रस इथे उतरतो. त्यात आधी सोड्यासारखं बायकार्बोनेट येतं, ते जठरातून आलेल्या आम्लाला शांत करतं. आणि मग पिष्टासाठी अमायलेज, तेलासाठी लायपेज, प्रथिनांसाठी ट्रिप्सिन. हे ट्रिप्सिन इतकं धारदार, की ते तयार अवस्थेत ठेवलं तर स्वादुपिंडालाच खाऊन टाकेल. म्हणून ते म्यानात बंद करून पाठवलं जातं. म्यान उघडणारं विकर, एंटेरोकायनेज, फक्त आतड्याच्या भिंतीवर असतं. कधी पित्ताशयातला खडा वाटेत अडकून किंवा दारूमुळे हे म्यान आतच उघडलं, तर माणूस पोट धरून गडाबडा लोळतो. तो स्वादुपिंडाचा दाह. तेव्हा रक्तात अमायलेज आणि लायपेज कितीतरी पट चढलेले सापडतात. तुमच्या ह्यांना हे झालेलं नाही, पत्रात तसं काहीच नाही.

इथवर सगळे रस वाहते होते. शेवटची तोड मात्र आतड्याच्या भिंतीवर होते आणि तुमच्या घरची गोष्ट तिथे अडली आहे, असा माझा अंदाज. हे तुमच्या ह्यांना वाचून दाखवा, त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल, कारण त्यांचा रोजचा माल आहे. लहान आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी असते. मखमलीला जशी उभी लव असते, तशी तिला बोटांसारखी बारीक लव असते, त्या लवेवर पेशी असतात आणि त्या पेशींवर पुन्हा त्याहून बारीक लव. शेवटच्या थराची विकरं रसात सोडलेली नसतात, ती त्या लवेच्या टोकाला शिवून टाकल्यासारखी बसवलेली असतात. माल्टेज, सुक्रेज आणि लॅक्टेज. पहिलं पिष्टाचे उरलेले तुकडे तोडतं, दुसरं आपली चहातली साखर, आणि तिसरं दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज.

मखमलीचा तागा कोणी खरखरीत दगडाने घासला तर आधी काय जातं? लव जाते. हगवणीच्या जंतूंनी आणि विषाणूंनी आतड्याचं तेच होतं. लॅक्टेज लवेच्या टोकालाच, पूर्ण वाढलेल्या पेशींवर असल्याने आधी तेच झडतं आणि भरून यायला सगळ्यात उशीर त्यालाच होतो. आतड्याच्या पेशी तीन ते पाच दिवसांत नव्या होतात, पण लव पुन्हा पहिल्यासारखी उभी राहून तिच्यावर लॅक्टेज यायला काही आठवडे जातात.

आणि नेमक्या ह्याच आठवड्यांत सासूबाईंनी प्रेमाने मोठा पेला सुरू केला. पेन्सिलीची रेघ त्या ओळीखाली आहे.

पाव लिटर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं. लॅक्टेज पुरेसं नसलं तर ही साखर तुटत नाही, आणि न तुटलेली साखर आतड्यातून रक्तात जाऊ शकत नाही. ती आपल्याबरोबर पाणी ओढत पुढे सरकते आणि मोठ्या आतड्यात पोहोचते. तिथले जंतू तिच्यावर तुटून पडतात. हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, आंबट आम्लं. रात्री दहाला पेला रिकामा झाला की त्यांची रात्रपाळी सुरू होते, आणि सकाळी सहाला तुमच्या ह्यांना गुडगुड ऐकू येते. तुम्ही त्रास सकाळचा लिहिलाय, जेवणानंतरचा कुठे म्हटलेला नाही. मला वेळापत्रक जुळतंय.

आता तुम्ही म्हणाल, मे गेला, जून-जुलै गेला, एव्हाना लव यायला हवी होती. बरोबर. म्हणून दुसरी शक्यता सांगते. आईचं दूध सुटल्यावर बहुतेक माणसांचं लॅक्टेज हळूहळू कमी होतच जातं. जगातल्या मोठ्या माणसांपैकी सुमारे दोन-तृतीयांश लोकांचं असं होतं. हा आजार नव्हे, सगळ्या सस्तन प्राण्यांची ती रीतच आहे. उलट ज्यांचं लॅक्टेज मोठेपणीही टिकतं तेच अपवाद, आणि भारतात असे लोक वायव्येकडे जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी सापडतात. आपण विदर्भातले लोक मध्येच. असं कमी लॅक्टेज असलेल्या माणसाला चहातलं दूध बाधत नाही, कपभर दूध जेवणासोबत बहुधा खपून जातं. तुमच्या ह्यांनी आजारापूर्वी कधी रोज रात्री मोठा पेला दूध घेतलं होतं का? तुमच्या पत्रावरून तरी तो आजारानंतरचा पाहुणा दिसतो. मग गॅस्ट्रोने काही नवं घडलं नसेल, जुनीच मर्यादा ओलांडली गेली असेल. तिसरी शक्यता अशी, की अशा संसर्गानंतर काही जणांचं आतडं बरेच महिने हळवं राहतं, विकरं सगळी शाबूत असूनही. ते निराळं प्रकरण, आणि ते शोधायला डॉक्टर लागतात.

पहिल्या दोन शक्यतांचा उलगडा मात्र एकाच फुकटच्या प्रयोगाने होतो. दोन आठवडे दूध, खवा, आइस्क्रीम, दूध पावडर पूर्ण बंद. संत्रा बर्फीतही खवा असेल तर तीही. चहा कोरा, लिंबू पिळून. दही-ताक चालेल: विरजणातले जंतू लॅक्टोजचा काही भाग आंबवून टाकतात आणि स्वतःचं लॅक्टोज तोडणारं विकर सोबत घेऊन येतात. तुपात लॅक्टोज जवळपास नसतंच. कॅलेंडरवर रोज सकाळी तारखेच्या चौकोनात एक आकडा लिहा, किती वेळा जावं लागलं. बाकी काही बदलू नका, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. सिरपही तेवढे दिवस बंद. दोन आठवड्यांनी एका रात्री पुन्हा पेलाभर दूध द्या आणि सकाळची वाट बघा. त्रास परत आला तर उत्तर मिळालं. खात्रीच करायची असेल तर श्वासाची हायड्रोजन चाचणी असते. जंतूंनी केलेला हायड्रोजन रक्तातून फुफ्फुसात येतो आणि फुंकरीत मोजता येतो.

सिरपचं म्हणाल तर बाटलीची मागची बाजू भिंग लावून वाचा. बहुतेक अशा बाटल्यांत फंगल डायस्टेस असतं आणि जोडीला पेप्सिन किंवा पपेन. डायस्टेस म्हणजे बुरशीतून काढलेलं, पिष्ट तोडणारं विकर. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञाने १८९४ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, आजच्या बाटल्या त्याच वंशातल्या. पपेन कच्च्या पपईच्या चिकातलं. मटण कोवळं व्हावं म्हणून कच्च्या पपईचा गर चोळतात, ते हेच. आता बघा: पिष्ट तोडायला ह्यांच्याकडे लाळेचं आणि स्वादुपिंडाचं अमायलेज आहे, प्रथिनाला पेप्सिन आणि ट्रिप्सिन आहे. नाही ते लॅक्टेज, आणि ते त्या बाटलीत नाही. नळ गळतोय आणि तुम्ही तीन महिने सुताराला पैसे देताय. त्यातून बाटली साखरेच्या पाकाची असते. आणि शुगर-फ्री असेल तर त्यात बऱ्याचदा सॉर्बिटॉल असतं, जे स्वतःच पोट फुगवतं. हलकं वाटतं म्हणतात त्याला मी खोटं म्हणत नाही. जेवणावर गोड, बडीशेपेच्या वासाचं काही घेतलं की मलाही हलकं वाटतं.

मुलाच्या १,८०० रुपयांच्या डब्याबद्दल थोडक्यात. तोंडातून घेतलेलं विकर हे शेवटी प्रथिन, आणि जठर प्रथिनाला ओळखपत्र विचारत नाही, तेही पचवून टाकायला बघतं. म्हणून ज्यांचं स्वादुपिंड खरोखर निकामी झालेलं असतं, जुनाट दाहाचे रुग्ण किंवा सिस्टिक फायब्रोसिसची मुलं, त्यांना दिलेलं पॅन्क्रिएटिन (स्वादुपिंडाच्या विकरांचं मिश्रण) आम्लात न विरघळणाऱ्या कवचात घालून देतात आणि जेवणाच्या घासासोबतच घ्यायला लावतात. त्या रुग्णांसाठी ते औषध नसेल तर जेवण वाया जातं, इतकं ते मोलाचं. ते डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात, शाकाहारी घरात हे आधी सांगायला हवं, फार ठिकाणी सांगत नाहीत. पावडरीला ना कवच, ना निदान. आणि कोणी ती गरम दुधात ढवळून दिली, तर मघाशी म्हटलं ते आठवा, आगीने विकरं मरतात. बाहेरून घ्यायचं काही कामाचं असेल तर लॅक्टेजचे थेंब किंवा गोळ्या, औषधाच्या दुकानात विचारल्यास मिळतात. त्याही प्रयोगाचं उत्तर आल्यावर, आणि बासुंदीच्या पंगतीला बसायचंच असेल तर.

सवय लागते का? स्वादुपिंड "आता बाहेरून येतंय" म्हणून कायमचं संपावर जात नाही. बाटली बंद केली तर शरीराचं काही अडणार नाही. हाताला झाकणं मोजायची सवय लागलेली असते, ती दोन-चार दिवस जाणवेल.

पाण्याचं मात्र सासूबाईंना माझ्या नावाने सांगून टाका. लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्याचा रस मिळून शरीर स्वतःच दिवसाला सहा-सात लिटर द्रव अन्नावर ओततं. त्यात पेलाभर पाण्याने काय पातळ होणार? शिवाय प्रत्येक सांधा तुटताना पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो, त्या क्रियेचं नावच जलविच्छेदन आहे. नागपूरच्या उन्हाळ्यात दुकानातून आलेल्या माणसाला जेवताना पाणी नाकारू नका.

एक गोष्ट ठणकावून. ह्यांचं वय ५२ आहे. वजन पुन्हा उतरायला लागलं, शौच काळं झालं किंवा रक्त दिसलं, शौच तेलकट, तरंगणारं, भांड्याला चिकटणारं झालं, डोळे पिवळे वाटले, घास अडकला, दुखण्याने झोपेतून जाग आली, किंवा अचानक शुगर निघाली, तर माझं पत्र बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात पोटाच्या डॉक्टरांकडे जा. दूध बंद करून दोन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तरी जा, फक्त घाई नको.

आता तर्री. पोह्यांचं पिष्ट पचतं, तेल सावकाश पचतं, राहिले काळे चणे. त्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज नावाच्या साखरा असतात. त्या तोडणारं विकर ह्यांच्याकडे नाही. माझ्याकडे नाही. तुमच्याकडेही नाही. माणसाच्या आतड्यात ते नसतंच, त्यामुळे चणे खाऊन थोडा वारा सरला तर त्याला पचनाचा दोष म्हणू नये. चणे रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं तर या साखरा बऱ्याच कमी होतात, तेवढं घरी करता येतं. दोन्ही रविवार प्रयोगापुरते जाऊ द्या, कारण दोन गोष्टी एकदम नकोत. प्रयोग संपल्यावर, सकाळचे आकडे खाली आलेले असतील तर एक बशी आणा, तेल वरचं थोडं निथळून. अबोला सुटेल.

हळदीच्या पेल्याचं कसं सांगायचं हा तुमचा खरा पेच असेल, कारण तो पेला आईने पोराला दिलेला आहे. बंद केलं म्हणू नका. त्याच दुधाला रात्री विरजण लावा, दुपारी डब्यात ताक द्या, वरून चिमूटभर हळद आणि जिरेपूड. सासूबाईंना सांगा, दूध तेच आहे, फक्त आता दुपारी जातं.